कड जाते ती पूर उतरताना: कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा काठासाठी मृगाआधीची कामं

2019 ला आणि 2021 ला चिकोडी-निपाणी भागात आपण पाणी चढताना रात्र-रात्र जागलो. मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानाची कड मात्र बऱ्याच ठिकाणी पाणी उतरताना ढासळते. पुराचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरतं. ते झपाट्यानं उतरलं की भिजून जड झालेल्या मातीचा आधार सुटतो आणि तळातून पोखरलेली दरड उसासकट नदीत बसते.

पूर ओसरल्यावर काठाला समांतर भेग दिसते का बघा. काळ्या रानात उन्हाळ्यात पडतात त्या भेगा जाळीसारख्या असतात. ही सरळ एका रेषेत जाते, आणि नदीकडची बाजू बोटभर खाली बसलेली असते. तिच्या पलीकडं जनावर, ट्रॅक्टर, माणूस कुणीच जायचं नाही, चार गुंठे ऊस तिकडं अडकला तरी.

रोहिणी संपायच्या आत मोटारीच्या पाइपची चर बुजवून, धुम्मसानं माती ठोकून घट्ट करून घ्या. आमची चर मी दोन पावसाळे तशीच ठेवली. आता तिच्यातून बैलगाडी उतरेल. शेताचं जादा पाणीही मिळेल तिथून काठावरून सोडू नका, एकाच जागी दगड रचून खाली उतरवा.

कडेचा 15-20 फुटांचा पट्टा नांगराविना सोडा. काही सऱ्या कमी होतात, होऊ देत. तिथं आर्द्रात वाळा (खस गवत) लावा: बेट फोडून, पाती वीतभर ठेवून, उताराला आडव्या ओळीत, 15 सेंटिमीटरवर एक. त्याची मुळं 3 मीटरपर्यंत सरळ खाली जातात. खालच्या अंगाला असलेली निर्गुडी, वाळुंज, करंज तोडू नका. पण नदी पायथाच कापत असेल, तर एकट्या वाळ्यानं भागत नाही. तिथं दगड पायथ्याला रचावे लागतात. घर पाडल्याचा डबर वरून ओतला तर कडेवरचं ओझं तेवढं वाढतं. पायथ्याजवळची वाळू उपसणाऱ्याला अडवणं हे गावानं मिळूनच होतं.

कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायला घातलेल्या फळ्या, वेळेत निघतायत का, तेही बघा. बरग्यांत उसाचा पाला, लाकडं तुंबली की नदी बाजूनं वळसा घेते आणि बंधारा काठाला टेकतो तिथली माती खाते.

आजच विहिरीच्या काठड्यापासून कडेपर्यंत टेप लावा. आकडा तारखेसह जमिनीच्या उताऱ्याच्या झेरॉक्सवर लिहा, फोटो काढा, आणि दसऱ्याला पुन्हा मोजा.