पद्मिनीचा सडलेला पत्रा: कोणतं पुस्तक कशाला उघडायचं

आमच्या अण्णांनी 1987 साली मुंबईहून जुनी प्रीमियर पद्मिनी आणली. सोलापूरच्या पूर्व भागात सुताचा व्यापार होता, गाडीनं गठ्ठेही वाहिले. आपली हवा कोरडी, त्यामुळे गंज इथं कमी धरला. मुंबईच्या खाऱ्या हवेनं आत जे पेरून ठेवलं होतं ते मात्र हळूहळू वाढत राहिलं. मी हात घातला तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचं तरटाचं अस्तर उचललं, आणि स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो थेट खाली फरशीवर लागला.

माझ्यासारखंच तुम्हीही आधी ‘याचं मॅन्युअल कुठं मिळेल?’ असंच विचाराल. तर ऐका. जुन्या गाडीची पुस्तकं तीन प्रकारची असतात आणि त्यांची गल्लत केली की पैसे वाया जातात. गाडीबरोबर येणारी छोटी पुस्तिका हवा-ऑइलपुरती, पत्र्याच्या कामात तिचा उपयोग नाही. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये इंजिन, गिअर, ब्रेक भरपूर. बॉडीचं प्रकरण असलं तरी ते दारं, काचा, कुलपं कशी उतरवायची एवढ्यावर थांबतं. तेही लागतं, कारण दार उतरवल्याशिवाय त्याखालची सिल, म्हणजे उंबऱ्यासारखी पत्र्याची पेटी, धड दिसत नाही. पण सगळ्यात मोलाचा असतो पार्ट्स कॅटलॉग. त्यात गाडी सुटी करून काढलेली चित्रं असतात: कोणता पत्रा कोणाच्या आत बसतो, सिलच्या पोटात आणखी एक पट्टी आहे का. मडगार्डच्या चित्राशेजारी बोल्ट दाखवले असतील तर ते खोलून निघतं. बोल्टच नसतील तर वेल्डिंग आहे असं समजून स्पॉट, म्हणजे वेल्डिंगचे गोल ठिपके, शोधा.

शोधताना नुसतं ‘पद्मिनी’ लिहू नका. आपले वालचंद हिराचंद, जन्म 1882, सोलापूरचेच. त्यांच्या प्रीमियर कंपनीनं कुर्ल्यात जी गाडी बनवली तिचं मूळ इटलीची फियाट 1100डी. म्हणून फियाटच्या नावानं शोधा, आणि ‘कारोत्सेरिया’ हा बॉडीसाठीचा इटालियन शब्द रोमन लिपीत टाकून बघा. इंग्रजीत न सापडणारी चित्रं त्यानं सापडतात. फक्त ती इटलीची गाडी डाव्या स्टिअरिंगची. पॅडलजवळची भोकं चित्रात उलट्या बाजूला दिसतील, ते बघून पत्रा कापू नका. छापील प्रत हवी असेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा, आणि गावातल्या जुन्या स्पेअरच्या दुकानांत काउंटरमागे विचारा. दुकानदार कॅटलॉग विकत नाहीत, पण चहा घेत बसलात तर फोटो काढू देतात.

पत्रा कसा कापायचा, ठोकायचा, जोडायचा हे मात्र यातलं एकही पुस्तक शिकवत नाही. त्यासाठी आयटीआयच्या ‘मेकॅनिक ऑटो बॉडी रिपेअर’ ट्रेडची पुस्तकं बघा. साधी आहेत, चित्रांची आहेत, आणि कोणत्याही गाडीला चालतात.

आता गाडीकडे वळा. लोहचुंबकाला पातळ कापड गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथं तो धरत नाही तिथं खाली पुट्टी आहे. माझ्या डाव्या मडगार्डच्या खालच्या टोकाला चुंबक नुसता घसरत होता. खरवडल्यावर पुट्टीच्या मागून वर्तमानपत्राचा बोळा निघाला, ओलसर, गंजानं तांबडा झालेला. पूर्वी एका गॅरेजनं पूर्ण पैसे घेऊन केलेलं काम ते. कागदानं पाणी धरून ठेवलं आणि बोटाएवढं भोक तळहाताएवढं झालं. माझा तेव्हा फार जीव तुटला, म्हणून सांगतो: सडलेला पत्रा कापून काढल्याशिवाय कोणालाही पुट्टीचा डबा उघडू देऊ नका.

कापण्याआधी गाडीची चांगली बाजू हेच तुमचं मॅन्युअल. उजव्या मडगार्डवर पुठ्ठा धरून आकार उतरवा आणि तो उलटा करून डावीकडे वापरा. पत्र्याची जाडी स्वच्छ कडेवर मायक्रोमीटरनं मोजा. मी बाहेरच्या भागाला 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत) पत्रा घेतला. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा, नको. त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं आणि तो धूर छातीत जातो.

सिलच्या बाबतीत घाई अजिबात नको. या गाडीला वेगळी चेसी नाही, बॉडीच सगळा भार उचलते. गाडी सपाट जागी टेकवा, दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा-तिरपा टाकून वेल्डिंगचे टाके मारा, दोन्ही कर्ण मोजून वहीत लिहा आणि मगच कापा. एका वेळी एकच बाजू. वेल्डिंगचे टाके सलग नको. एक इथं, पुढचा वीतभर लांब, मध्ये पत्रा गार होऊ द्या, नाहीतर तो लाटांसारखा उठतो. वेल्डिंगचा पहिला टाका मारण्याआधीच बॅटरीची तार सोडा, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा, आणि आतलं तरट बाहेर काढा.

उरलेला वरवरचा गंज वायर ब्रशनं, मग फॉस्फोरिक ॲसिडच्या रस्ट रिमूव्हरनं काढा. ते दोन पत्र्यांच्या बंद फटीत सोडू नका, तिथून धुऊन निघत नाही.

रंगाचं मार्गदर्शन रंगाच्या कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये मिळतं. कशावर काय चालतं, रंगाच्या दोन हातांत किती वेळ ठेवायचा, कोणता पॉलिश पेपर, सगळं त्यात असतं आणि ती फुकट मिळते. मी उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारला, पुट्टी त्याच्यावर. आपल्याकडे मे महिन्यात रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच सुकू लागतो, म्हणून मी सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या अखेरीस काम धरलं. पुसायला घरचेच टॉवेलचे तुकडे घेतले आणि त्यांचे बारीक तंतू पहिल्या हातात चिकटून बसले. सगळं घासून पुन्हा मारावं लागलं. तंतू न सुटणारं कापड आणा, सोलापुरात घरोघरी टॉवेल असले तरी.

शेवटी सिलच्या पोटात पातळ नळीनं कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे आतल्या पोकळीत गंज धरू न देणारं मेण, सोडा. आधी तळाची पाणी निघायची भोकं तारेनं मोकळी करा आणि वॅक्स निथळल्यावर पुन्हा तपासा. माझ्या चारपैकी दोन बुजली होती.