माळ्यावरचा जुना टीव्ही गेम : शोधावा कसा आणि दुरुस्त करावा कसा

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत दारव्हा तालुक्यातील एका घराच्या माळ्यावरून खाली उतरवलेला टीव्ही गेम मी हातात घेतला, तेव्हा त्याच्या कॅसेट लावायच्या खाचेत कुंभारीण माशीने मातीचे घर बांधलेले होते आणि वायरीचा एक तुकडा उंदरांनी कुरतडलेला होता. घरातील काकूंनी तो माझ्याकडे देताना एवढेच सांगितले, "हे पोरायचं हाय बापा, चालू झालं त सांगजो." तो गेम चालू झाला. माती भिजवून, ब्रशने काढून, वायर जोडून आणि वीजपुरवठा नीट तपासून दोन संध्याकाळी त्यावर घालवाव्या लागल्या. असे दहा-बारा गेम हाताळल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की, माळ्यावर पडून राहिलेल्या वीस-पंचवीस वर्षांत हे यंत्र जितके बिघडत नाही, तितके ते सापडल्यानंतरच्या पहिल्या तासात बिघडते, कारण ते सापडताच घरातला जो अडॅप्टर बसेल तो लावून पाहण्याची घाई होते. म्हणून पुढील कृतीत कामांचा क्रम महत्त्वाचा आहे.

हातात आलेले यंत्र कोणते आहे?

निन्टेन्डो या जपानी कंपनीने जुलै १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' हे यंत्र विक्रीस आणले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जे टीव्ही गेम घराघरांत आले, ते बहुतांशी याच फॅमिकॉमच्या रचनेवर बेतलेली यंत्रे होती. 'समुराई', 'लिटल मास्टर', 'टर्मिनेटर' ही नावे अनेकांच्या स्मरणात असतील. ही ओळख दुरुस्तीसाठी उपयोगाची आहे. फॅमिकॉमच्या पद्धतीच्या कॅसेटला दोन्ही बाजू मिळून विजेचा संपर्क करणाऱ्या धातूच्या ६० पट्ट्या असतात, तर निन्टेन्डोने अमेरिकेत विकलेल्या 'एनईएस' यंत्राच्या कॅसेटला ७२ असतात, त्यामुळे एकाची कॅसेट दुसऱ्यात थेट बसत नाही. शिवाय आपल्याकडील बऱ्याच यंत्रांत मुख्य चिप एका काळ्या लाखेसारख्या ठिपक्याखाली झाकलेली असते. तो ठिपका जळाला, तर दुरुस्तीचा मार्ग जवळजवळ संपतो. म्हणून त्याला जपणे हेच बाकी सर्व काळजीचे कारण आहे.

शोध कुठे घ्यावा

सर्वांत चांगला काळ दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा, कारण याच दिवसांत माळे, कोठ्या आणि लोखंडी पेट्या रिकाम्या केल्या जातात. त्याआधीच गावातील भंगारवाल्याला सांगून ठेवावे की, टीव्ही गेम, कॅसेट किंवा त्याचे रिमोट आले तर फोडण्यापूर्वी बाजूला ठेवावेत. तांबे काढण्यासाठी वायरी आधी कापल्या जातात, ही त्यातली खरी अडचण आहे. आठवडी बाजारात जुने चार्जर आणि रेडिओ पसरून बसणाऱ्यांकडेही चौकशी करावी. मात्र माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे तालुक्याच्या गावातील जुन्या टीव्ही मेकॅनिकचे दुकान होय. दुरुस्तीला टाकलेले आणि मालक परत न आलेले गेम तिथे फळीवर असतात, आणि त्यासोबत त्या यंत्राचा मूळ अडॅप्टरही मिळण्याची शक्यता असते. पूर्वी तासावर पैसे घेऊन गेम खेळू देणारी दुकाने चालवलेल्यांच्या घरी तर एकाऐवजी तीन-चार यंत्रे मिळतात, ज्यांतून सुटे भाग निघतात.

भाव ठरवताना एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. समोरच्याला त्या वस्तूची किंमत माहीत नसेल, तर ती भंगाराच्या वजनावर उचलू नये, आपण ती कशासाठी घेत आहोत हे सांगून रास्त पैसे द्यावेत. जत्रेत मिळणारी, आत गेम भरलेली हलकी नवी यंत्रे मात्र जुनी समजून घेऊ नयेत. जुन्या यंत्राचे प्लास्टिक जाड असते, ते बहुधा पिवळट पडलेले असते आणि खाचेतील पितळी दात ठळक दिसतात.

घेण्यापूर्वी यंत्र हलवून आत काही खडखडते का ते ऐकावे, खाचेत बॅटरीचा उजेड पाडून दात वाकलेले आहेत का ते पाहावे आणि यंत्राचा वास घ्यावा. जळका वास असेल, तर ते केवळ सुट्या भागांसाठी घ्यावे. तिथेच चालू करून दाखवण्याचा आग्रह धरू नये.

वीज देण्यापूर्वी

माझ्याकडून झालेली चूक इथे सांगतो. सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मी एका गेमला लावला, कारण त्याची पिन नेमकी बसत होती. क्षणभर दिवा लागला नाही, मग उग्र वास आला आणि तो काळा ठिपका कायमचा गेला. कारण साधे होते. सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरमध्ये पिनच्या आतल्या भोकात धन टोक असते आणि बाहेरच्या कड्याला ऋण, तर फॅमिकॉमच्या पद्धतीच्या यंत्रांत बहुधा याच्या उलट, म्हणजे आत ऋण आणि बाहेर धन असते. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, असे कधीही मानू नये.

प्रथम यंत्राच्या तळाशी किंवा मागे व्होल्टेज आणि पिनचे चित्र छापलेले आहे का ते पाहावे. छपाई पुसलेली असेल, तर यंत्र उघडून मल्टीमीटरने (व्होल्टेज आणि जोड तपासण्याच्या मीटरने) दिशा शोधता येते. आत तीन पायांचा, पत्र्याच्या तुकड्याला स्क्रूने कसलेला ७८०५ क्रमांकाचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर स्थिर ठेवणारा भाग, असतो. त्यावरील अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली धरले असता डावीकडे वीज आत येते, मधला पाय ऋण असतो आणि उजवीकडून ५ व्होल्ट बाहेर पडतात. मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक मधल्या पायाला आणि दुसरे अडॅप्टरच्या सॉकेटमधील मधल्या दांडीला लावावे. बीप वाजला, तर आतले टोक ऋण आहे. न वाजल्यास सॉकेटच्या बाहेरच्या पट्टीला लावून पाहावे. दोन्हीकडे बीप नसेल, तर वाटेत डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आहे किंवा जोड तुटलेला आहे, असे समजून सॉकेटपासूनची रेघ डोळ्यांनी शोधत जावे.

अशा यंत्रांना बहुतेक वेळा ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. जुना ट्रान्सफॉर्मरचा, जड अडॅप्टर कशालाही न जोडता मोजला, तर ९ ऐवजी १२-१३ व्होल्ट दाखवतो. हा दोष नव्हे, भार पडल्यावर तो आकडा खाली येतो. मात्र प्रत्यक्षात १२ व्होल्ट पुरवणारा अडॅप्टर दिशा जुळत असली तरी टाळावा. रेग्युलेटर वरचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने फेकतो. यंत्राने ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर ९ व्होल्टवर सुमारे १.२ वॅट उष्णता होते आणि १२ व्होल्टवर २.१ वॅट. मे महिन्यात घरातच चाळीस अंश तापमान असताना हा फरक लहान राहत नाही.

उघडणे, साफ करणे आणि पहिली तपासणी

साधा चौफुली पेचकस, जुना दात घासण्याचा ब्रश, २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री, कथील, सोल्डरिंगची पेस्ट, मल्टीमीटर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल एवढे साहित्य पुरते. अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. न मिळालेले भाग नागपूरला गेल्यावर सीताबर्डीतील इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांतून आणता येतात. थिनरने प्लास्टिक विरघळते आणि पेट्रोल जीवावर बेतते, त्यामुळे दोन्ही लांब ठेवावीत.

उघडल्यानंतर आधी कोरड्या ब्रशने धूळ, झुरळांची घाण आणि जाळी काढावी. मग भिंगातून अडॅप्टरच्या सॉकेटचे टाके, म्हणजे कथलाचे जोड, पाहावेत. वर्षानुवर्षे पिन हलवून हलवून टाक्याभोवती केसाइतकी बारीक गोल चीर पडलेली असते. मेकॅनिक याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात, आणि "हलवलं की चालतो" ही तक्रार बहुधा इथेच संपते. टाक्यावर थोडी पेस्ट लावून, इस्त्री टेकवून, नवे कथील द्यावे. जवळच उभे असलेले नळीसारखे कॅपॅसिटर वरून फुगले असतील किंवा तळाशी चिकट डाग असेल, तर ते बदलावेत. मायक्रोफॅरडचा आकडा तोच ठेवावा, व्होल्टचा आकडा तोच किंवा जास्त चालतो, आणि पट्टा असलेली बाजू ऋण असते हे काढण्यापूर्वीच फोटो घेऊन नोंदवून ठेवावे.

आता अडॅप्टर जोडावा, पण कॅसेट लावू नये. काळे टोक रेग्युलेटरच्या मधल्या पायावर ठेवून डाव्या पायावर ७ व्होल्टपेक्षा अधिक आणि उजव्या पायावर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. डावीकडेच वीज नसेल, तर दोष सॉकेटमध्ये किंवा सरकत्या स्विचमध्ये आहे. डावीकडे आहे पण उजवीकडे नाही, तर वीज बंद करून उजवा आणि मधला पाय यांच्यातील रोध मोजावा. तो शून्याजवळ असेल, तर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे आणि नुसता रेग्युलेटर बदलून उपयोग नाही. तसे नसल्यास नवा ७८०५ लावावा. तो स्वस्त असतो आणि सहज मिळतो.

कॅसेट

दिवा लागतो पण पडदा एकाच रंगाचा राहतो किंवा चौकोनी ठिगळे दिसतात, तेव्हा बहुतेक वेळा कॅसेट दोषी असते. आपण सर्वांनी लहानपणी कॅसेटमध्ये फुंकर मारली आहे. फुंकरीने ती चालल्यासारखी वाटे, कारण कॅसेट काढून पुन्हा लावताना पट्ट्या घासल्या जात. फुंकरीतील ओल मात्र पट्ट्यांवर हिरवट गंज आणते. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून दोन्ही बाजूंच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसाव्यात, काडी काळी येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. गंज हट्टी असेल, तर शिसपेन्सिलचे मऊ खोडरबर हलके फिरवावे. पॉलिश पेपर वापरू नये, त्याने वरचा पातळ मुलामा जातो. खाच साफ करण्यासाठी जाड कागदाला सुती कापड गुंडाळून, अल्कोहोलने ओलसर करून, वीज बंद असताना सावकाश आत-बाहेर करावे. कॅसेट लावताना आणि काढतानाही वीज बंदच असावी.

टीव्हीशी जोडणी

पिवळी चित्राची आणि पांढरी आवाजाची वायर असेल, तर काम सोपे आहे. नवीन टीव्हीला वेगळी भोके नसतील, तर त्याच्या लहान गोल सॉकेटसाठी वेगळी केबल लागते. केवळ अँटेनाची वायर असेल, तर टीव्हीवर चॅनेल शोधून ती फ्रिक्वेन्सी धरावी लागते. चित्र येते पण रंग नाही, असे झाल्यास टीव्हीची रंगपद्धत 'ऑटो' करून पाहावी, कारण आपल्याकडे पाल पद्धत चालते आणि जपानी यंत्र एनटीएससी पद्धतीचे असते. बंदुकीचे गेम मात्र काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीवरच चालतात. बंदूक त्या नळीवर उमटणाऱ्या प्रकाशाचा नेमका क्षण टिपते, आणि एलईडी पडद्यावर तो क्षण चुकतो. असा जुना टीव्ही जरूर जपावा, पण तो उघडू नये. त्याच्या नळीत बंद केल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार राहू शकतो.

रिमोट

रिमोटमध्ये दोनच दोष वारंवार आढळतात. एक बटण चालत नसेल, तर रबराखालचे काळे कार्बन झिजलेले किंवा मळलेले असते. ते अल्कोहोलने हलकेच पुसावे, आणि झिजले असल्यास टीव्हीच्या जुन्या रिमोटमधील रबराचे काळे ठिपके कापून चिकटवावेत. सिगारेटच्या पाकिटातील चांदी लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे, ती काही दिवस चालते, पण तुकडा सुटून आत शॉर्ट करतो. सगळी बटणे एकदम बंद असतील, तर वायर रिमोटमध्ये शिरते त्या ठिकाणी ती आतून तुटलेली असते. तिथली चार बोटे वायर कापून टाकावी आणि रंगाला रंग जुळवून पुन्हा टाके द्यावेत. नऊ पिनांचा प्लग सारखा दिसतो म्हणून दुसऱ्या जातीच्या यंत्राचा रिमोट लावू नये, कारण सेगाच्या मेगा ड्राइव्हलाही तसाच प्लग आहे आणि त्यातील जोडणी वेगळी आहे.

प्लेस्टेशनसारखी चकतीवर चालणारी यंत्रे आता माळ्यांवरून निघू लागली आहेत. त्यांची भिंग पुसण्यापलीकडची दुरुस्ती जाणकाराच्या शेजारी बसून शिकावी. थेट २३० व्होल्ट घेणाऱ्या यंत्राच्या आतील मोठ्या कॅपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

सर्व जोडल्यानंतर झाकण न लावता गेम तासभर चालू ठेवावा. दर पंधरा मिनिटांनी रेग्युलेटरच्या पत्र्याजवळ बोट नेऊन पाहावे. पत्रा गरम असणे स्वाभाविक आहे, पण बोट टेकवता येणार नाही इतका तापत असेल, तर व्होल्टेज पुन्हा मोजावे. तासाभरात चित्र हलले नाही आणि आवाज फाटला नाही, की झाकण कसावे. मग एका कागदावर '९ व्होल्ट, आत ऋण, बाहेर धन' असे, किंवा त्या यंत्राचे जे खरे असेल ते, ठळक अक्षरांत लिहून पारदर्शक टेपने तळाशी चिकटवावे आणि अडॅप्टर त्याच यंत्राला दोरीने बांधून ठेवावा.