धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ग्लायफोसेट फवारताना घ्यावयाची काळजी

आपल्या भागात कृषी केंद्रावर जाऊन ‘तणनाशक द्या’ एवढेच सांगण्याची पद्धत आहे, आणि धोक्याची सुरुवात तिथूनच होते. एकाच फळीवर शेजारी-शेजारी मांडलेले ग्लायफोसेट, पॅराक्वाट आणि २,४-डी हे तिन्ही पदार्थ गवतावरच मारले जात असले, तरी त्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. पॅराक्वाटचा एक घोट पोटात गेला तरी माणूस वाचणे कठीण असते. २,४-डी माणसाला तितके घातक नसले, तरी त्याचा अंश पंपात राहून पऱ्हाटीवर (कपाशीवर) पडला तर पाने पंजासारखी आकसतात आणि बोंडांची आशा सोडावी लागते. ग्लायफोसेट या दोहोंपेक्षा माणसाला कमी विषारी आहे, परंतु त्याच्या नावावर जो निर्धास्तपणा गावोगावी पसरला आहे, तो त्याला लागू पडत नाही. म्हणून घटकाचे नाव आणि टक्केवारी स्वतः वाचावी, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यावी, आणि पक्के बिल घेतल्याशिवाय डबा उचलू नये. डब्यावरचा चौकोनी शिक्काही पाहावा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा शिक्का म्हणजे ‘बिनविषारी’ असा अर्थ मात्र कोणीही काढू नये.

दुसरी गोष्ट कायद्याची. ग्लायफोसेटला भारतात मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करावा, असे बंधन घातले. म्हणून डबा घेण्याआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी आणि फवारणी परवानाधारक, प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावी. कपाशी, तूर, सोयाबीन ही पिके मान्यतेत बसत नाहीत. तणनाशक सहन करणारे म्हणून चोरून विकले जाणारे कपाशीचे बियाणे मान्यताप्राप्त नाही. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून आंदोलन केले, तेव्हापासून त्यावरचा वाद सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात कोणाची बाजू घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. येथे एवढेच सांगणे आहे की अशा बियाण्याला पावती नसते, पीक फसले तर दाद मागता येत नाही, आणि तुमच्या पिकावरून उडालेला फवारा शेजाऱ्याच्या साध्या पऱ्हाटीला जाळतो. पुढची सगळी माहिती धुरा, पडीक आणि वहिवाटीची वाट यांच्यापुरतीच आहे.

कर्करोगाबद्दल नेहमी विचारले जाते, म्हणून त्याविषयीही स्पष्ट लिहिले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात ठेवले. त्याच वर्षी युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने असा धोका संभवनीय वाटत नाही असे मत दिले, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे मतही तसेच आहे, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये या पदार्थाची मान्यता आणखी १० वर्षांनी वाढवली. दुसरीकडे अमेरिकेतल्या न्यायालयांत आजारी माणसांच्या बाजूने मोठ्या भरपाईचे निकाल लागले आहेत. ही मते एकमेकांना छेद देणारी वाटतात, याचे एक कारण असे की पहिली संस्था ‘हा पदार्थ कर्करोग घडवू शकतो का’ एवढेच तपासते, तर बाकीच्या ‘प्रत्यक्ष वापरात जेवढा अंगाशी येतो तेवढ्याने घडेल का’ हे तपासतात. माझ्या मते आपल्यासाठी दुसरा प्रश्न अधिक कामाचा आहे, पण त्याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. वर्षातून एकदा स्वतःचा धुरा मारणारा कास्तकार आणि सबंध हंगाम रोजाने गावभर पंप पाठीवर वाहणारा पोरगा यांच्या अंगावर पडणाऱ्या औषधाची बरोबरी होऊच शकत नाही. प्रत्येक गावात अशी चार-पाच पोरे असतात. काळजी घ्यायची ती त्यांच्या मापाने घ्यावी.

ग्लायफोसेट हिरव्या पानांतून शिरून मुळापर्यंत उतरते आणि वनस्पतीला लागणारी काही अमिनो आम्ले तयार करणारे एक विकर (एन्झाइम) बंद पाडते. हे विकर माणसात किंवा जनावरात नसते, आणि ‘हे औषध माणसाला काही करत नाही’ या समजुतीचे मूळ येथे आहे. परंतु डब्यात नुसते ग्लायफोसेट नसते. थेंब पानाला चिकटावा म्हणून त्यात साबणासारखा पदार्थ मिसळलेला असतो. डोळ्यांची आग, घशाची आणि पोटाची जळजळ, तसेच मासे व बेडकांच्या पिल्लांचे मरण यांत या पदार्थाचा वाटा मोठा असतो.

मोजणे आणि मिसळणे

फवारताना अंगावर उडते ते औषध पाण्यात विरलेले असते. डब्यातून ओतताना उडते ते मात्र शुद्ध अर्कासारखे असते. म्हणून सर्वांत जास्त जपायची वेळ ही डबा उघडण्याची आहे, आणि नेमकी तीच वेळ आपण उघड्या हाताने, झाकणाच्या मापाने, अंदाजाने निभावून नेतो. रबरी किंवा नायट्राइलचे लांब हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, पायात गमबूट आणि पोटावर प्लास्टिकचा साधा तुकडा बांधला तरी पुरते. कापडी हातमोजे मात्र घालू नयेत, कारण ते औषध शोषून तासन्‌तास कातडीला चिकटवून ठेवतात.

किती मिसळायचे हे पंपामागे न ठरवता जमिनीमागे ठरवावे. त्यासाठी १० मीटर लांब व १० मीटर रुंद तुकडा आखून नेहमीच्या चालीने नुसते पाणी फवारावे आणि किती लागले ते मोजावे. एकरात असे सुमारे ४० तुकडे बसतात. तुकड्याला ५ लिटर लागले, तर एकराला २०० लिटर, म्हणजे १५ लिटरचे तेरा-सव्वातेरा पंप. समजा लेबलावर एकरी १ लिटर औषध लिहिले आहे, तर पंपामागे ७५ मिलिलिटर पडतील. आधी अर्धा पंप पाण्याने भरावा, मग औषध ओतावे आणि नंतर उरलेले पाणी घालावे. जस्ताची बादली किंवा साधे लोखंडी टिपाड यासाठी कधीही वापरू नये, कारण या धातूंशी ग्लायफोसेटची क्रिया होऊन पेट घेणारा वायू तयार होतो. प्लास्टिकची वेगळी बादली ठेवावी आणि ती गोठ्यात परत जाणार नाही, हे पाहावे.

औषध लागू पडत नाही म्हणून दुप्पट घालण्याआधी पाण्याकडे पाहावे. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट धरते, त्यामुळे नाल्यातल्या गढूळ पाण्यात कालवले की त्यातला बराच भाग पंपातच निकामी होतो. जड पाण्याचेही तसेच आहे. त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम औषधाला बांधून टाकतात. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खारट पाण्याच्या भागातल्या, कास्तकारांनी तर विहिरीच्या पाण्यावर भरवसा न ठेवता साठवलेले पावसाचे स्वच्छ पाणी वापरावे. मीठ, युरिया, कपड्यांची पावडर आणि एखादे कीटकनाशक असे सगळे एकत्र कालवण्याची जी रीत पडली आहे, ती सोडून द्यावी. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो दवाखान्यात गेली. ती विषबाधा मुख्यतः कीटकनाशकांची होती, पण मनाने केलेल्या मिश्रणांचा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला होता. केना हे तण मात्र पाणी स्वच्छ असले तरी ग्लायफोसेटला सहसा दाद देत नाही. त्यासाठी मात्रा वाढवणे म्हणजे पैसे आणि विष दोन्ही वाया घालवणे होय.

वारा, पाणी आणि भाजी

तणनाशकाचा पंप वेगळा असावा. हा खर्च अनाठायी वाटतो, पण मी स्वतः एका वर्षी पंप दोनदा धुतल्याच्या भरवशावर त्याच पंपाने पऱ्हाटीवर फवारा मारला आणि दोन तासांचे पाप सबंध हंगाम पाहत बसलो. नोझल चपट्या फवाऱ्याचे घ्यावे, दाब कमी ठेवावा, नोझलवर प्लास्टिकचे टोपण बसवावे आणि तोंड जमिनीपासून फूट-दीड फुटाहून उंच उचलू नये. झाडाची पाने नुसती हलत असतील इतपत वारा चालतो. धूळ उडू लागली की थांबावे. पहाटेची अगदी स्तब्ध हवाही टाळावी, कारण त्या वेळी बारीक थेंब खाली न बसता तरंगत दूर जातात. फवारल्यानंतर सहा तास पाऊस नको, म्हणून ढग भरून आले असताना ‘मारून तर घेऊ’ असे करू नये.

आपल्या काळ्या चिकण जमिनीत ग्लायफोसेट मातीला धरून बसते, खोल झिरपत नाही, आणि जिवाणू त्याचे हळूहळू विघटन करतात. जमिनीनुसार यास काही दिवसांपासून काही महिने लागतात. मात्र मातीच वाहून गेली तर तिच्याबरोबर तेही नाल्यात जाते, आणि उतारावरच्या धुऱ्यांची माती पहिल्या धो-धो पावसात कशी जाते, हे आपण दरवर्षी पाहतो. म्हणून नाला, शेततळे आणि विहीर यांच्या काठी किमान पंधरा-वीस पावलांचा पट्टा फवारल्याशिवाय सोडावा आणि त्यातले गवत विळ्याने कापावे. धुऱ्यावरचे सगळेच गवत जाळून टाकले तर धुरा फुटतो, ही गोष्ट जुनी माणसे आजही सांगतात आणि ती खरी आहे.

एका गोष्टीकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पावसाळ्याच्या तोंडी धुऱ्यावरचा कोवळा तरोटा, घोळ, कुंजर खुडून भाजी करणे हे आपल्याकडे घरोघरी चालते, आणि ग्लायफोसेट मारलेले झाड पहिले चार-सहा दिवस अगदी हिरवेगार दिसते. फवारलेला तरोटा कोणता आणि न फवारलेला कोणता हे त्या दिवसांत नजरेला कळत नाही. त्यामुळे फवारणीच्या आदल्या दिवशी निंदणाऱ्या बायांना, शेजाऱ्यांना आणि गुराख्याला सांगावे, धुऱ्याच्या दोन्ही टोकांना लाल कापड बांधावे आणि गवत पूर्ण वाळेपर्यंत ते काढू नये. बैलांसाठी त्या धुऱ्याचे गवत कापू नये व तेथे जनावर सोडू नये. गवत वाळायला लागले की काही विषारी झाडेही जनावराला गोड लागतात, हे त्याचे आणखी एक कारण.

फवारताना आणि घरी आल्यावर

खर्रा, तंबाखू आणि बिडी ही आमच्या भागातली विष पोटात नेणारी सर्वांत सोपी वाट आहे. हातमोजा काढून, औषधाच्या बोटांनी पुडी मळून ती गालात ठेवली, की वर घेतलेली सगळी काळजी फुकट जाते. पुडी खिशात नसलीच पाहिजे. ती घरी ठेवून यावी. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, जुन्या दातघासणीने साफ करावे. पंप गळत असेल तर पाठीवर शर्टाच्या आत ओल पसरते आणि घामामुळे ती कळत नाही, म्हणून निघण्याआधी पाणी भरून पंप उलटा-सुलटा करून पाहावा.

काम झाल्यावर पंप विहिरीवर किंवा नाल्यात धुऊ नये. रिकामा डबा तीन वेळा खंगाळून ते पाणी पंपातच ओतावे आणि पंपाची धुवणही फवारलेल्या धुऱ्यावरच मारावी. डब्याला खालून छिद्रे पाडावीत, म्हणजे तो घासलेट किंवा परसाकडे पाणी न्यायला कोणी वापरणार नाही. अंगावरचे कपडे वेगळ्या बादलीत टाकावेत, आणि ते घरची बाई धुणार असेल तर हातमोजे तिलाही द्यावेत. आंघोळ साबणाने, लेकराला उचलून घेण्याआधी करावी.

उरलेले औषध पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही काढू नये. डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटे डोळा धुवावा, आणि कातडीवर सांडले तर कपडे काढून साबणाने धुवावे. पोटात गेले असेल तर मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये, कारण तो साबणासारखा पदार्थ फेसाळून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसे निकामी होऊ शकतात. तोंड धुवावे, रुग्णाला कुशीवर निजवावे आणि १०८ ला फोन करावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांकही डॉक्टरांना किंवा नातेवाइकांना विनामूल्य लावता येतो. ग्लायफोसेटवर उतारा नाही. उपचार लक्षणांनुसार करावे लागतात. त्याच्या नावात व रचनेत फॉस्फरस असला तरी ते मोनोक्रोटोफॉससारखे कीटकनाशक नव्हे, त्यामुळे त्या विषावर दिले जाणारे अ‍ॅट्रोपिन व पाम या औषधांचा त्याच्यावर उतारा म्हणून उपयोग होत नाही. पॅराक्वाट असेल तर उपचाराची दिशा आणखीच बदलते आणि प्राणवायू देतानाही डॉक्टरांना हात राखावा लागतो. ‘तणनाशक पिले’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना यातले काहीच ठरवता येणार नाही. म्हणून रुग्णाबरोबर गाडीत डबा ठेवावा, आणि डबा फुटला असेल तर निदान त्याचे लेबल तरी सोबत न्यावे.