मोबाइल टॉवरची नोंदवही कशी ठेवावी

गच्चीवर टॉवर आला की सोसायटीत दोन तट पडतात. टॉवरच्या लहरींमुळे आजार होतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २ब गटात ठेवले. म्हणजे अभ्यास पुढेही होत राहणार, आणि त्यासाठी जुन्या नोंदी लागणार.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचा २०१० चा अभ्यास पाहा. लहानग्यांच्या कर्करोगाच्या १,३९७ रुग्णांची आई गरोदर असताना राहत्या पत्त्याभोवती कोणते टॉवर होते, हे त्यात तपासले गेले. संबंध आढळला नाही. पण हे उत्तर मिळाले ते तिथल्या चारही मोबाइल कंपन्यांनी अँटेनांची जुनी माहिती दिली म्हणून.

१. जागा लिहा. पत्त्याबरोबर अक्षांश-रेखांशही, दशांश चिन्हापुढे पाच आकडे. त्याने साधारण मीटरभर अचूकता येते. इमारत पुनर्विकासात गेली, रस्त्याचे नाव बदलले तरी जागा सापडते.

२. तारखा लिहा. सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्या. टॉवर उभा कधी राहिला, सुरू कधी झाला, त्यावर नवी अँटेना कधी चढली, ५जी कधी आले आणि टॉवर निघाला कधी. निघाल्याची तारीख बहुतेक जण लिहीतच नाहीत, आणि उतरवलेल्या टॉवरचा मागमूस उरत नाही. जुन्या तारखांसाठी सोसायटीचे दप्तर काढा: भाडेकरार, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, भाडे जमा झाल्याच्या नोंदी. नक्की तारीख मिळत नसेल तर ‘२०१४ च्या पावसाळ्यापूर्वी’ एवढेच लिहा, आणि ते कुठून कळले तेही. अंदाजाला तारखेचे रूप देऊ नका.

३. अँटेनांचे वर्णन करा. उभट, लांबट पट्ट्या फोनशी बोलतात. गोल डबे बहुधा एका टॉवरहून दुसऱ्याकडे संदेश पोचवतात. पट्ट्या किती, जमिनीपासून अंदाजे किती उंचीवर, तोंड कुठल्या दिशेला, हे लिहा. दिशा महत्त्वाची, कारण लहरींचा मुख्य झोत समोर, किंचित खाली झुकून जातो. टॉवरच्या अगदी पायथ्याशी त्यांची तीव्रता बरेचदा कमी असते. नुसत्या अंतरावरून अभ्यासकाची दिशाभूल होते. दरवर्षी एकाच जागेवरून फोटो काढा.

४. सरकारी माहिती जपून ठेवा. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर आपल्या भागातले टॉवर दिसतात, शुल्क भरून लहरींच्या तीव्रतेची मोजणीही मागवता येते. पोर्टलवर आज दिसणारे उद्या बदलेल, म्हणून वर्षातून एकदा त्या पानाची प्रत तारखेसह ठेवा. कंपनीच्या नावाबरोबर टॉवरचा साइट क्रमांकही टिपा. २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, तशी नावे पुढेही बदलतील. मोजणीचा आकडा लिहिताना एकक, जागा, वेळ आणि उपकरणाचे नाव सोडू नका. फोनमधल्या अॅपवरचे सिग्नलचे आकडे मोजणी म्हणून लिहू नका.

५. आजारपणे यात आणू नका. शेजाऱ्यांच्या दुखण्यांची यादी टॉवरच्या वहीत लिहिणे त्यांच्या खासगीपणावर घाला आहे. शिवाय त्याने नोंदीचे मोलही जाते. घरात आजार आला की माणूस टॉवर आठवू लागतो, आणि तारखा नकळत त्या आजाराला जुळू लागतात. आरोग्याची माहिती संशोधक रुग्णाच्या संमतीने वेगळी घेतील. तुमची वही त्याआधी, कुणाची बाजू न घेता लिहिलेली असायला हवी.

६. वही पुढे सोपवा. एक छापील प्रत सोसायटीच्या दप्तरात, एक साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये. जुनी ओळ खोडू नका. बदल झाला की तारीख घालून नवी ओळ लिहा. कार्यकारिणी बदलताना हिशेबाच्या वह्यांबरोबर ही वहीही नव्या सचिवांच्या ताब्यात द्या आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्या.