युरोपीय आणि जपानी कलाकृती पाहाव्यात कशा : सुरुवात औंधपासून

सातारा जिल्ह्यातील ज्या रसिकांना परदेशी कला डोळसपणे पाहायला शिकायचे आहे, त्यांनी थेट मुंबई न गाठता आधी जिल्ह्यातल्याच औंधला जावे. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानाचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रे आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता-बालकाचे शिल्पही आहे. सगळी दालने एका दमात उरकण्यापेक्षा दोन-तीनच कलाकृतींसमोर थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तैलरंग हे माध्यम भारतात युरोपातून आले; त्यामुळे ते पाहण्याची रीत रविवर्म्याच्या चित्रावरही शिकता येते. प्रथम प्रकाश कोणत्या बाजूने येतो ते नाकाच्या आणि मानेच्या सावलीवरून ठरवावे. मग चित्राच्या एका कडेला सरकून तिरपे पाहावे, म्हणजे रंगाचे उंचवटे आणि बारीक तडे दिसू लागतात. समोरून झगमगणारा मोती तिरपे पाहिल्यावर बऱ्याचदा पांढऱ्या रंगाचा एक जाडसर ठिपका निघतो. जुन्या चित्रावरची पिवळट छटा पुष्कळदा चित्रकाराची नसून काळाने पिवळ्या पडलेल्या व्हार्निशची असते. मूळ चित्र कोणते आणि प्रतिकृती कोणती, हे पाटीवरून तपासावे. मात्र प्रतिकृती दिसताच नाक मुरडू नये, कारण युरोपात जुन्या चित्रांच्या नकला करणे हा शिक्षणाचाच भाग होता.

त्यानंतर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. तेथे टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेली युरोपीय चित्रे आणि चिनी-जपानी वस्तू आहेत.

जपानी लाकडी ठशांची छापचित्रे समोर आली, की सावली शोधणे सोडून रेषेकडे आणि सपाट रंगांकडे वळावे. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते लाकडावर उतरवी, छापणारा साधारणतः प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा वापरी आणि या सगळ्यांमागे प्रकाशकाचा पैसा असे. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळा हळूहळू फिका होताना दिसला, तर तेथे अवश्य रेंगाळावे : ही उतरती छटा ठशावरचा रंग प्रत्येक वेळी हाताने पुसून साधलेली असते, म्हणून एकाच चित्राच्या दोन प्रती तंतोतंत जुळत नाहीत. तो निळा रंगही बहुधा युरोपातून आलेला, बर्लिनमध्ये शोधलेला प्रशियन निळा असतो. होकुसाई या जपानी चित्रकाराने १८३०च्या सुमारास सुरू केलेल्या फुजी पर्वताच्या मालिकेत तो भरपूर वापरला. मालिकेच्या नावात ३६ दृश्ये असली तरी चित्रे ४६ झाली, हा भाग वेगळा. पुढे १८८७ मध्ये डच चित्रकार व्हॅन गॉगने हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या छापचित्रांच्या नकला तैलरंगात केल्या; त्यांची छायाचित्रे मूळ छापचित्रांशेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही माध्यमांतला फरक चटकन ध्यानात येतो.

कागदावरचे रंग उजेडाने विटतात, म्हणून अशा दालनांत प्रकाश मुद्दाम मंद ठेवतात. आत शिरताच डोळे सरावेपर्यंत थांबावे आणि छायाचित्रांना परवानगी असली तरी फ्लॅश बंद ठेवावा.