गर्भारपणातील मळमळ आणि सुगंधी तेले

गर्भारपणातील मळमळ साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास ती सर्वांत त्रासदायक ठरते आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या महिन्यात ओसरते. या काळात फोडणीचा वासदेखील सहन होत नाही. त्यामुळे सुगंधी तेल, म्हणजे वनस्पतीपासून काढलेले तीव्र वासाचे तेल (इसेन्शियल ऑइल), वापरायचे, तर ते किती कमी वापरता येईल, हा विचार आधी करावा.

पहिली पसंती लिंबाच्या तेलाला द्यावी. घाटातल्या प्रवासात लिंबू हुंगण्याची आपल्याकडची सवय सर्वांना ठाऊक आहेच; पण इराणमध्ये १०० गर्भवतींवर केलेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही लिंबाच्या तेलाचा वास घेणाऱ्या स्त्रियांची मळमळ काही दिवसांत तुलनेने कमी झाल्याचे दिसले. पुदिन्याच्या तेलाची ख्याती मोठी असली, तरी गर्भवतींवरील अभ्यासांत त्याचा तितका स्पष्ट फायदा आढळलेला नाही. शिवाय बाजारात पुदिन्याचे म्हणून मिळणारे तेल अनेकदा ‘मेंथा आर्वेन्सिस’ या जातीचे असते. त्यात मेंथॉलचे प्रमाण बरेच जास्त असल्याने त्याचा वास अधिक झोंबतो. म्हणून बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहूनच खरेदी करावी आणि नुसते ‘सुवासिक तेल’ लिहिलेली स्वस्त बाटली टाळावी.

एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, बदामाच्या किंवा खोबरेल तेलात लिंबाच्या तेलाचा एकच थेंब मिसळावा. या मिश्रणाचे दोन थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन, बोळा नाकाला न टेकवता थोड्या अंतरावर धरावा आणि दोन-तीन दीर्घ श्वास घ्यावेत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी हे केल्यास सोयीचे पडते, कारण रिकाम्या पोटी एकदम उठल्यावर मळमळ उसळण्याचा संभव अधिक असतो. वास नकोसा वाटला, तर बोळा लगेच दूर करून खिडकी उघडावी. डिफ्यूझर खोलीभर आणि बराच वेळ वास पसरवतो व तो आवरता येत नाही, म्हणून मला बोळाच बरा वाटतो. हे मिश्रण अंगाला लावू नये. लिंबाचे तेल लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास ती भाजल्यासारखी होऊ शकते.

तेल पोटात मात्र मुळीच घेऊ नये, मग ते पाण्यात एक थेंब टाकून का असेना. पोटातून उपाय हवा असेल, तर डॉक्टरांना विचारून आले घेता येते. ब जीवनसत्त्वाच्या बी-६ या प्रकाराच्या गोळ्याही यासाठी नेहमी दिल्या जातात. घरातील अमृतधारेची बाटलीही या काळात दूर ठेवावी, कारण तिच्यात पुदिन्याच्या आणि ओव्याच्या सत्त्वाबरोबर कापूर असतो आणि कापूर पोटात जाणे विषारी ठरू शकते. विंटरग्रीन, सेज आणि पेनीरॉयल ही तेले हुंगण्यासाठीही घेऊ नयेत. दमा किंवा अर्धशिशी असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतेच तेल वापरू नये.

घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद किंवा फारच कमी होत असेल, उभे राहताच चक्कर येत असेल अथवा वजन घटत असेल, तर तेलाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण अशा वेळी शिरेतून द्रव देण्याची गरज पडू शकते.