शतशब्दकथा स्पर्धेत उतरताय? या चुका टाळा

गणपतीचे दहा दिवस आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे शतशब्दकथा स्पर्धांचे ठरलेले मुहूर्त. कुठल्या तरी मंडळाची, सोसायटीची नाहीतर ऑफिसातल्या मराठी मंडळींची स्पर्धा ऑनलाइन निघतेच. विषय दिला जातो, तीन-चार दिवसांची मुदत असते आणि बक्षीस म्हणजे फार तर एखादं पुस्तक. शंभरच तर शब्द, एका बैठकीत उरकेल, अशा हिशेबाने लोक उतरतात. मग आलेल्या कथा वाचायला बसावं, तर दर दोन-तीन कथांआड कुणीतरी मेलेलं असतं.

मी अशा स्पर्धांचं संयोजन करते, कधी परीक्षणालाही बसते. कल्पना वाईट म्हणून कथा मागे पडली असं क्वचितच होतं. लिहिणाऱ्याचं सगळं लक्ष शेवटच्या ओळीवर असतं आणि आधीचे नव्वद शब्द ती ओळ येईपर्यंत नुसते वेळ काढत बसतात, हे मात्र वारंवार दिसतं.

हार घातलेला फोटो

काही शेवट इतके झिजलेत की तिसऱ्या ओळीलाच कळतं. ती रोज त्याच्याशी बोलते आणि शेवटी भिंतीवरच्या फोटोला हार. मुलगा आईला ‘फिरायला’ नेतो आणि शेवटी वृद्धाश्रमाची पाटी. प्रेमाने वाट बघणारा तो शेवटी कुत्रा निघतो. सगळं स्वप्न होतं. सगळं नाटकातलं होतं. मोबाइलच बोलत होता.

असा शेवट लिहूच नये असं नाही. पण तो धक्का म्हणून ठेवला असेल, तर वाचणाऱ्याला बसत नाही, कारण तो आधीच तिथे पोहोचून तुमची वाट बघत असतो. यावर उपाय साधा आहे. जे शेवटच्या ओळीत लपवून ठेवलंय, ते पहिल्या ओळीत सांगून टाका. ‘नाना वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी’ अशी सुरुवात करा आणि मग काय उरतं ते बघा. काहीच उरत नसेल, तर तुमच्याकडे कथा नव्हती, फक्त गुपित होतं. उरत असेल, तर तीच तुमची कथा.

याचाच जुळा भाऊ म्हणजे समजावून सांगणारी ओळ. कथा जिथे संपायला हवी तिथे संपते आणि लेखकाला धीर धरवत नाही. ‘तिला आज खऱ्या श्रीमंतीचा अर्थ कळला होता.’ ही ओळ खोडली की जवळजवळ प्रत्येक कथा एक पायरी वर चढते. झाडं, दगड, पणत्या बोलायला लागून शेवटी बोध येत असेल, तर तो प्रकारच वेगळा. वि. स. खांडेकरांची रूपककथा त्या वाटेने गेली. त्या वाटेने खुशाल जा, पण ठरवून जा.

दीडशेचे शंभर करताना काय कापायचं?

इथे सर्वात जास्त गोंधळ होतो, म्हणून एक नमुनाच घेऊ. विषय समजा ‘थांबा’. पहिला खर्डा साधारण असा येतो:

‘सकाळची वेळ होती. गणपत कंडक्टर नेहमीप्रमाणे साडेसहाच्या एसटीवर ड्युटीला आला. या मार्गावर तो बारा वर्षं होता, त्यामुळे सगळे प्रवासी त्याच्या ओळखीचे झाले होते. वडाच्या थांब्यावर रोज चढणारी म्हातारी आज दिसली नाही. त्याला काळजी वाटली.’

हे ३४ शब्द झाले. तिसरा हिस्सा संपला आणि गाडी अजून जागेवरच आहे. अशा वेळी बहुतेक जण विशेषणं वेचतात, ‘खूप’, ‘अतिशय’ काढतात, सहा-सात शब्द वाचवतात आणि दमतात. कापायची असते ती ओळखपरेड. बघा:

‘वडाच्या थांब्यावर आज म्हातारी नव्हती. कंडक्टरने तरीही बेल मारली. गाडी थांबली.’

हे ११ शब्द. ‘आज’ म्हटल्यावर ‘रोज’ आपोआप आला. बारा वर्षांची ओळख आणि काळजी त्या एका बेलमध्ये आली. गणपत हे नाव गेलं, कारण दुसरा कंडक्टर कथेत नाही आणि त्याला नावाने हाक मारणारंही कुणी नाही. हातात २३ शब्द शिल्लक राहिले. ते कुठे खर्च करायचे, हा आता मजेचा भाग आहे. मागच्या सीटवरचा कुणी ‘काय झालं हो, का थांबवली?’ म्हणून ओरडेल. म्हातारीची रोजची टोपली ठेवायची जागा रिकामी दिसेल.

आणि शेवट? बहुतेक खर्ड्यांत समोरून अंत्ययात्रा येते. नको. ‘कुणी चढलं नाही. ड्रायव्हर डबल बेलची वाट बघत राहिला.’ एसटीने फिरलेल्या माणसाला एक बेल आणि दोन बेल यांतला फरक सांगावा लागत नाही. म्हातारीचं काय झालं ते मला माहीत नाही, कंडक्टरलाही नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

पात्रं दोन, फार तर तीन. चौथं आलं की वाचणारा नावांतच अडकतो. काळही जवळचा ठेवा. जन्मापासून साठीपर्यंतचा प्रवास शंभर शब्दांत मांडला की कथेचा गोषवारा होतो. आपल्या भाषेत नाती फुकट मिळतात, त्यांचा फायदा घ्या. ‘शेजारच्या घरातली मोठी सून’ असं लिहून चार शब्द घालवण्यापेक्षा कुणाला तरी ‘वहिनी, दादा आहे का?’ असं विचारू द्या. दोन माणसं इतकी वर्षं ‘अरे-तुरे’ बोलत आली आणि या सकाळी एकाने ‘तुम्ही’ म्हटलं, की भांडणाचा वेगळा परिच्छेद लागत नाही.

क्रियापद चुगली करतं

निवेदक बाई की पुरुष, हे शेवटपर्यंत झाकून ठेवायचा मोह पुष्कळांना होतो. इंग्रजीत ते सोपं जातं. मराठीत ‘मी गेले’ लिहिलं की संपलं. मग लोक ‘माझं जाणं झालं’ असली अवघडलेली वाक्यं रचतात आणि वाचणाऱ्याला वास येतो.

वाट आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते बहुधा कर्माच्या मागे जातं. ‘मी दार उघडलं, पत्र वाचलं, दिवा घालवला.’ यात मी कोण ते कळत नाही आणि वाक्य वाकडंही होत नाही. ‘मला वाटलं’, ‘माझ्या लक्षात आलं’ हेही चालतं आणि भविष्यकाळातलं ‘जाईन’ सुरक्षित असतं. फसवतात ती म्हणणे, बोलणे, विसरणे, जेवणे ही मंडळी. ‘मी म्हणालो’, ‘मी विसरले’ इथे लिंग उघडं पडतं. वर्तमानकाळात तर ‘करतो-करते’ सहजासहजी टळत नाही. अख्ख्या कथेत एक ‘म्हणाले’ निसटलं तरी पुढचं सगळं कोसळतं, म्हणून पाठवण्याआधी फक्त क्रियापदांवरून एकदा नजर फिरवा. मात्र लपवाछपवी हीच कथा असेल, तर वरची गुपित पहिल्या ओळीत सांगून टाकायची कसोटी पुन्हा लावा.

शंभर म्हणजे नेमके किती

शतशब्दकथेचा इंग्रजीतला भाऊ ड्रॅबल. तो १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या विज्ञानकथाप्रेमींच्या मेळ्यांतून रुळला. नियम एकच: शंभर म्हणजे शंभर. आपल्याकडे काही स्पर्धा ‘शंभरपर्यंत’ म्हणतात, काही ‘बरोबर शंभर’. हे न वाचता ९४ शब्द पाठवणारे दरवेळी भेटतात आणि बाद झाल्यावर ‘एवढ्याशावरून?’ म्हणतात. हो, एवढ्याशावरूनच. खेळच तो आहे.

शीर्षक मोजायचं का, हे संयोजकांना विचारून घ्या. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘न्यू टाइम्स’ साप्ताहिकाने ५५ शब्दांच्या कथांची स्पर्धा सुरू केली. तिथे शीर्षक ५५ मध्ये धरत नाहीत, पण ते सात शब्दांपेक्षा लांब नसावं असा नियम आहे. शीर्षक फुकटात मिळत असेल तर वापरा, पण त्यातच शेवट फोडू नका. कथेचं नाव ‘शेवटची एसटी’ ठेवलं की म्हातारी पहिल्या ओळीआधीच गेली.

आता मोजणीच्या खऱ्या भानगडी. संगणक बहुधा मोकळ्या जागेवरून शब्द मोजतो. त्यामुळे पूर्णविरामानंतर जागा न सोडता ‘नव्हती.कंडक्टरने’ लिहिलं की दोनाचा एक शब्द होतो. मोबाइलवर लिहिणाऱ्यांची ही ठरलेली सवय आहे. त्यांना १०० दिसतात, परीक्षक मोजतात तेव्हा १०९ भरतात. उलट ‘थांब्या वर’, ‘घरा समोर’ असं तोडून लिहिलं की शब्द फुगतात आणि वर शुद्धलेखनही चुकतं. शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच येतं. चिन्हाआधी जागा सोडून सुटं पडलेलं उद्गारचिन्ह किंवा सहा टिंबांची माळ काही ठिकाणी अख्खा शब्द म्हणून धरली जाते. (टिंबांबद्दल एकदाच सांगते: तीन पुरतात, आणि प्रत्येक वाक्याला लागत नाहीत.) देवनागरी डोळ्यासमोर न ठेवता बनवलेले काही ऑनलाइन शब्दमोजक काना-मात्रेपाशी शब्द तोडतात, त्यांच्या आकड्यावर जाऊ नका.

खात्रीचा मार्ग जुनाच. कागदावर एका ओळीत दहा शब्द, अशा दहा ओळी. कुठला शब्द नुसता बसून आहे तेही यात दिसतं.

विषयाला नुसता हात लावणे

विषय ‘चावी’ असेल तर कथेत कुठेतरी चावी सापडते आणि लेखकाला वाटतं की काम झालं. तीच कथा ‘छत्री’ या विषयावर जशीच्या तशी चालली असती, तर ती विषयावर नाही. आधीच लिहून ठेवलेल्या कथेत शब्द खोचून पाठवलेला लगेच ओळखू येतो. पहिली ओळ दिलेली असेल, तर ती अक्षरही न बदलता घ्यायची असते. काळ बदलणे, ‘तो’चं ‘ती’ करणे, दोन्ही बाद. विषय कळल्यावर मनात पहिली येते ती कल्पना बाकीच्यांनाही पहिली सुचलेली असते, ती बाजूला ठेवून दुसरीकडे जा. चॅटबॉटकडून लिहून घेणाऱ्यांचंही असंच होतं. चार जणांच्या चारही कथांत खिडकीबाहेर पाऊस असतो आणि हातात गार झालेला चहा. अशी कथा नियमांत बसते का, ते आधी विचाराच.

पाठवताना

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेली कथा चिकटवली की समोरच्याला इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पाठवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडून बघा. ओळीच्या सुरुवातीला आडवी रेघ मारून संवाद लिहायची सवय असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप त्याची ठिपक्यांची यादी करून टाकतं. तिथे अवतरणचिन्हं वापरा. बोलून टाइप केलं असेल तर विरामचिन्हं गळतात आणि ‘न-ण’ची अदलाबदल होते, तेवढं डोळ्यांनी तपासा.

‘रविवारी रात्री १२ पर्यंत’ ही मुदत भांडणाचं मूळ. शनिवारची रात्र संपताना की रविवारची? संयोजक असाल तर ‘रविवार रात्री ११:५९, भारतीय वेळ’ असं लिहा. बाहेरच्या मंडळींनी आकडा मांडून घ्यावा. गणपतीच्या दिवसांत कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतो, म्हणजे तिथे रविवारी सकाळी ११:२९ लाच खिडकी बंद होते. भाषा दिनाच्या सुमारास हाच फरक साडेतेरा तासांचा होतो. लंडनचा साडेचार आणि साडेपाच.

निनावी परीक्षण असेल तर फाइलच्या नावात स्वतःचं नाव घालू नका आणि निकालाआधी कथा स्टेटसला टाकू नका. बऱ्याच ठिकाणी तेवढ्याने ती ‘पूर्वप्रकाशित’ ठरते. फिरत आलेला, लेखकाचं नाव नसलेला मजकूर थोडा बदलून पाठवणारेही असतात. शंभर शब्द लोकांच्या चांगले लक्षात राहतात, हे ते विसरतात.

खेळीमेळीची स्पर्धा आहे ना?

मतदान असेल तर मावसभावंडांपासून शाळेच्या ग्रुपपर्यंत सगळ्यांना लिंक पाठवून ‘फक्त मत द्या’ म्हणणं नियमांत बसेलही, पण त्या कथेला वाचक मिळत नाही. दुसऱ्यांच्या कथा वाचा. सगळीकडे ‘अप्रतिम’ चिकटवत सुटण्यापेक्षा दोन-तीन कथांना एकेक नेमकं वाक्य द्या: इथे थांबले, इथे कळलं नाही. तुमच्या कथेवर ‘शेवट समजला नाही’ असं तिघांनी लिहिलं तर खाली दोनशे शब्दांचं स्पष्टीकरण देऊ नका. कोणत्या शब्दापाशी गाडी चुकली, ते त्यांनाच विचारा. बहुतेकदा कापताना एक शब्द जास्तीचा गेलेला असतो, आणि तो परत घालायला निकालानंतर भरपूर वेळ असतो.